ट्रिस्टन दा कुन्हाचा नकाशा जरा मोठा छापा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन दा कुन्हा बेटाबद्दल पेपरात कधी काही आलं की तेवढंच असतं, जगातलं सगळ्यात लांबचं गाव, एअरपोर्ट नाही, केपटाऊनहून बोटीने आठवडाभर तरी लागतो. सगळं खरं आहे, पण गाव नेमकं तिथेच का वसलं आणि 1961 ला सगळ्यांना बेट सोडून इंग्लंडला का जावं लागलं हे तिथली जमीन बघितल्याशिवाय कळतच नाही हो. आख्खं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच ज्वालामुखी, क्वीन मेरीज पीक 2,062 मीटर, आणि कडे बहुतेक ठिकाणी सरळ समुद्रातच उतरतात. वायव्येला तेवढी एक सपाट पट्टी, म्हणून वस्ती तिथे आणि बटाट्याची शेतंही त्याच बाजूला. आणि 1961 ला नवीन लाव्हा फुटला तो नेमका वस्तीच्या शेजारी! मासळीची फॅक्टरी गेली, होड्या लावायचा किनारा गेला, तरी 1963 मध्ये बहुतेक लोक परत आले. मला याचं फार कौतुक वाटतं.

आणि हे एकटं बेट नाहीच मुळी, शेजारी इनॲक्सेसिबल आहे, नाइटिंगेल आहे, आग्नेयेला साधारण 400 किलोमीटरवर गॉफ. ट्रिस्टन वयाने लहान म्हणून अजून उंच शंकू आहे, इनॲक्सेसिबल त्याच्याहून जुनं, लाटांनी चहूबाजूंनी कापून काढलेलं, (जगातला सगळ्यात छोटा न उडणारा पक्षी फक्त तिथेच सापडतो), आणि नाइटिंगेलचं वय तर कोटीच्या वर सांगतात, ते झिजून झिजून बुटकं झालंय. ज्वालामुखी बेट म्हातारं कसं होतं ते इथे शेजारीशेजारी बघायला मिळतं, शाळेतल्या मुलांना याहून चांगलं उदाहरण कुठलं देणार?

खाली समुद्रतळावर तर अजून मोठी गोष्ट आहे. इथून वॉल्विस रिज नावाची डोंगररांग थेट नामिबियापर्यंत जाते, म्हणजे सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका वेगळे व्हायला लागले तेव्हा ज्या हॉटस्पॉटने (म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो अशी जागा) दोन्हीकडे लाव्हा ओतला त्याचाच हा माग, असं बरेच भूगर्भशास्त्रज्ञ मानतात.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी नुसता ठिपका नको, चारही बेटं आणि ती रांग दिसेल असा नकाशा छापा, अर्धं पान गेलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक