आईच्या खुर्चीत बसून भिंत पाहणाऱ्या काकांना

काका,

फोनवर दोनदा आभार मानायला गेले आणि दोन्ही वेळा तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणत विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

तुमच्या आधी रंगकामाचा अंदाज द्यायला तिघे जण घर बघून गेले होते. तिघांनीही दारात उभं राहून मान वर केली, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "कार्पेट किती?" म्हणजे घराच्या आतल्या जमिनीचं क्षेत्रफळ. मी सांगितलं. मोबाइलवर साडेतीनने गुणलं आणि रंगवायच्या भिंती-छताचा आकडा तयार. आई तिच्या खुर्चीत बसलेली होती. मांडीचं हाड मोडल्यापासून ती सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच असते. तिघांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. एकाने तर तिच्या डोक्यावरूनच टेप ताणली.

आणि गेल्या वर्षीचा तो गृहस्थ! ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली, वर दोन हात रंग मारला आणि 'आता दहा वर्षं बघायला नको' म्हणून वेगळे पैसे घेतले. पहिल्याच पावसात खिडकीखाली फुगे आले, मग पोपडे सुटले. फोन केला तर आधी "येतो", मग "उद्या येतो", मग नुसतीच रिंग. त्या फोनच्या रिंगचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

त्यामुळे तुम्ही आलात तेव्हा मी तयारीतच होते. घासाघीस कशी करायची ते मनात घोकून ठेवलं होतं. तुम्ही चपला काढल्या, आत आलात आणि भिंतीकडे न बघता आईजवळ गेलात. म्हणालात, "आई, तुमच्या जागेवर जरा दोन मिनिटं बसू का?"

आई गोंधळली. मग वॉकर धरून उठली. मी तिला पलंगावर बसवलं आणि तुम्ही तिच्या खुर्चीत बसलात. काही बोलला नाहीत. नुसतं समोर बघत राहिलात. मला वाटलं, दमले असतील जिने चढून. मग तुम्ही वळून तिलाच विचारलंत, "यातलं काय खुपतं तुम्हाला?"

आईने खिडकीखालचा पोपडा दाखवला. म्हणाली, "तो दिवसभर माझ्याकडे बघतो."

काका, माझे पैसे तुम्ही ज्या ज्या प्रकारे वाचवलेत ते सगळं खाली लिहिणारच आहे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवतं ते हेच. वर्षभर आईला डॉक्टरांनी, नर्सनी, नातेवाइकांनी आणि (लिहायला लाज वाटते) मीही 'काय दुखतं' एवढंच विचारलं होतं. 'काय खुपतं' हे कोणी विचारलं नव्हतं. आणि ते कळायला तिच्या जागी बसावं लागतं, हे तर आमच्या डोक्यातच आलं नाही.

तिथून उठलात आणि अख्ख्या घराचा रंग एका भिंतीवर आणलात. बाकीच्या भिंतींवर माझा हात धरून घासायला लावलात. तळव्याला पांढरी भुकटी लागली नाही. "रंग घट्ट आहे. नुसता मळलाय. हिला रंग नको, आंघोळ हवी." कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, आणि खालून वर पुसत जायचं, म्हणजे घाण पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर डाग पाडत नाहीत. दोन खोल्या अशा नुसत्या धुऊन निघाल्या. त्या दोन खोल्यांचे पैसे तिघांच्याही अंदाजपत्रकात होते! शिवाय स्वयंपाकघरातल्या आणि न्हाणीघरातल्या फरशा लावलेल्या भिंतीही होत्या. फरशीला कोणता रंग देणार होते, देव जाणे.

साडेतीनवर मी चिडून बोलायला लागले तेव्हा मात्र तुम्ही मला थांबवलंत. "तो आकडा खोटा नाही, ढोबळ आहे. छोट्या खोलीत तो रंगाऱ्याला मारतो, मोठ्या खोलीत मालकाला." आणि जुन्या पाकिटाच्या मागे गणित करून दाखवलंत. आमची बाहेरची खोली १८ बाय १४, उंची ९ फूट. साडेतीनने गुणलं की ८८२ चौरस फूट. प्रत्यक्षात भिंती ५७६, छत २५२, त्यातून दोन दारं आणि दोन खिडक्यांचे ८२ वजा, म्हणजे ७४६. एका खोलीत १३६ फुटांचा फरक. पण १० बाय १०ची खोली तशीच मोजली तर साडेतीनचा आकडा उलट कमी पडतो. समोर नसलेल्या माणसाची बाजूही तुम्ही घेतलीत. मला त्या क्षणी ते अजिबात आवडलं नव्हतं. पुढे मात्र तुमचा प्रत्येक शब्द मी खरा धरला तो यामुळेच.

खिडकीखालच्या ओलीचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे हुशारी तुमची होती, माझा फक्त चिकटपट्टीचा खर्च. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला घट्ट चिकटवून एक दिवस ठेवायला सांगितलात. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ती घरातल्या हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतूनच येते आहे. आमच्याकडे भिंतीकडून आले. बाहेर खिडकीच्या पट्टीखाली केसाएवढी भेग निघाली. ती बुजवायला जेवढा खर्च आला, तो गेल्या वर्षीच्या गृहस्थाच्या 'दहा वर्षांच्या' हमीपेक्षा कितीतरी कमी होता. मग भिंत पूर्ण वाळेपर्यंत तुम्ही आम्हाला रंगाला हात लावू दिला नाहीत. आई रोज विचारायची, "आले का ते?"

स्वतः काम करणार नाही, गुडघे आता रंगाऱ्याच्या घोड्यावर, म्हणजे शिडीवर, चढू देत नाहीत, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे यातून तुम्हाला एक पैसा मिळणार नव्हता. तरी भिंत खरवडायच्या दिवशी आलात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही, ओलं करून घासायचं, आणि तेवढा वेळ आईला आतल्या खोलीत न्यायचं, दार लावून. भाच्याने आणलेला पॉलिश पेपर तुम्ही गुपचूप बाजूला ठेवून पाण्यात चालणारा काढलात. त्याला ओरडलाही नाहीत.

आणि रंग. मी स्वस्तातला डबा घ्यायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, स्वस्त रंगात खडूची भुकटी जास्त आणि झाकणारं द्रव्य कमी असतं. दोन हातांचं काम तीन हातांवर जातं, मग स्वस्ताई राहिली कुठे? चांगला घ्या, पण मोजून घ्या. नीट प्रायमर मारलेल्या गुळगुळीत भिंतीला एका लिटरमध्ये साधारण १०० ते १२० चौरस फूट, एक हात. खिडकी वजा जाता आमची भिंत १४२ फूट, दोन हात, म्हणजे अडीच-तीन लिटर. चार लिटरचा एक डबा आणला, त्यात भागलं आणि उरला. अंदाजपत्रकात वीस लिटरची बादली होती. रंगछटाही तुम्ही जुन्याच्या जवळपासची निवडायला लावलीत. मला गडद लाल हवा होता. तुम्ही नुसतं हसून म्हणालात, "घ्या की. मग हात मोजत बसा."

एक गोष्ट मी तुमची ऐकली नाही, तीही कबूल करते. रोलर रात्री प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, सकाळी मऊ राहतो, असं सांगितलं होतंत. मी आळस केला. सकाळी त्याचा दगड झाला होता. तेवढा एक रोलर माझ्या खात्यावर.

कडेच्या कामासाठी तुम्ही तुमचा स्वतःचा ब्रश ठेवून गेलात. वापरून वापरून मूठ काळी पडलेला, पण एक केस सुटत नाही. "नवा स्वस्तातला घेऊ नका, त्याचे केस भिंतीला चिकटून राहतात. हा घ्या, झालं की द्या." इतकी वर्षं हातात राहिलेली वस्तू अशा अनोळखी घरात ठेवून जायला काय लागतं, मला माहीत नाही. हमीचे पैसे घेऊन फोन न उचलणाऱ्या माणसालाही ते माहीत नसणार. जगात दोन्ही प्रकारची माणसं आहेत हे सगळेच म्हणतात. मला दोन्ही एकाच भिंतीपाशी भेटली.

भिंत झाली, काका. डाव्या कोपऱ्यात छताजवळ माझा हात हलला, तिथे रेघ थोडी वाकडी आहे. आई खुर्चीत बसली आणि पहिल्या मिनिटात तिने ती शोधून काढली. आता येईल त्याला कौतुकाने दाखवते. उरलेला रंग छोट्या बरणीत काठोकाठ भरून ठेवला आहे, वर छटेचा नंबर आणि तारीख लिहिली आहे, तुम्ही सांगितलं होतंत तशीच.

तुमचा ब्रश धुतला, सुकवला, केस सरळ करून कागदात गुंडाळून ठेवला. भाचा म्हणत होता, मी नेऊन देतो. आईने त्याला ब्रशला हात लावू दिला नाही. म्हणाली, "त्यांचा आहे, तेच न्यायला येतील. आणि आले की आधी माझ्या खुर्चीत बसतील."

मग कधी येताय?