मायन्याच्या पुढे काही लिहा

महोदय,

सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात 31 वर्षे काढून मी 2019 साली निवृत्त झालो. मुलीच्या आग्रहाखातर लिंक्डइनवर खाते उघडले. मायक्रोमीटर, गेज, बोअरमधला टेपर असल्या विषयांवर अधूनमधून चार ओळी लिहितो. वाचणारे तीस-चाळीस. तरी जून उजाडला की अनोळखी मुलांचे निरोप सुरू होतात.

मागच्या आठवड्यात तीन आले. माझ्या ‘प्रेरणादायी प्रवासाने’ तिघेही भारावले होते आणि तिघांनाही माझ्या ‘नामांकित संस्थेत’ योगदान द्यायचे होते. मी निवृत्त आहे, हे खात्याच्या पहिल्याच ओळीत लिहिले आहे. आणि प्रवास म्हणाल तर सिडको ते सातपूर, आधी सायकलवर, मग लुनावर.

एकाने रेझ्युमे जोडला होता, त्यावरचा नंबर फिरवला. मुलगा बिचारा गडबडला. म्हणाला, “सर, कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्यांनी मजकूर दिलाय. वर फक्त नाव बदलायचं. रोज पन्नास पाठवा म्हणालेत.”

राग मुलांवर नाही. आमच्या अर्जाचाही मायना ठरलेला असे. पण तो अर्ज जाहिरातीला उत्तर म्हणून जाई, कारखान्यानेच तो मागवलेला असे. इथे आपण होऊन कोणाचे दार वाजवायचे, तर निदान पाटीवरचे नाव तरी वाचावे.

गेल्या वर्षी संगमनेरच्या एका मुलीने वाचले होते. विनंतीसोबतच्या चिठ्ठीत जागा दोन-तीनशे अक्षरांचीच. तिने लिहिले: “सर, प्लग गेजची ‘गो’ बाजू आधी झिजते हे तुमचं वाचून आमच्या लॅबमधला गेज तपासला. झिजलेलाच निघाला. मी मेकॅनिकल डिप्लोमा, शेवटचं वर्ष. क्वालिटीत जायचंय. आधी सीएमएमचा कोर्स करू की छोट्या कारखान्यात हाताने मोजायला शिकू?” (प्लग गेज म्हणजे भोकाचे माप तपासायची दांडी, तिची ‘गो’ बाजू भोकात गेलीच पाहिजे. सीएमएम म्हणजे संगणकावर चालणारे मोजमापाचे यंत्र.)

स्तुती नाही, नोकरीची मागणी नाही. मला दहा मिनिटांत देता येईल असा प्रश्न. ताट वाढलेले होते, ते तसेच ठेवून उत्तर लिहिले (आधी हाताने मोज, असे). शिवाय तिने न मागता सिन्नरच्या मुसळगाव वसाहतीतल्या जुन्या सहकाऱ्याच्या कानावर घातले. तिथे जागा नव्हती. पुढे तिला दुसरीकडे इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून येणारा माल तपासायला, काम मिळाले. पहिल्या पगारातून स्वतःचा व्हर्निअर घेतल्याचा फोटो तिने पाठवला.

प्लेसमेंटवाल्यांना नमुना हवाच असेल, तर रामानुजन यांनी 16 जानेवारी 1913 रोजी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेले पत्र वर्गात वाचून दाखवावे. मी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधला कारकून, पगार वर्षाला 20 पौंड, हे सुरुवातीलाच सांगून मोकळे. मग थेट हार्डींच्याच पुस्तिकेतले 36वे पान: दिलेल्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती, याचे नेमके सूत्र अजून सापडलेले नाही असे तुम्ही म्हणता, मला त्याच्या अगदी जवळ जाणारे सापडले आहे. ते सूत्र त्यांच्या दाव्याइतके अचूक ठरले नाही, तो भाग वेगळा. केंब्रिजच्या आणखी दोघांना त्यांनी आधी लिहिले होते, तिकडून काही निष्पन्न झाले नव्हते. म्हणजे उत्तर येईलच असे तेव्हाही नव्हते. पण पत्र हार्डींनाच होते, दुसऱ्या कोणाच्या नावाने ते चाललेच नसते.

तेव्हा रोजचा पन्नासाचा कोटा बंद करावा, आठवड्याला पाच पुरेत. ज्याला निरोप पाठवायचा तो माणूस नेमके काय काम करतो, हे विद्यार्थ्याला तोंडी सांगता आले तरच पाठवू द्यावा.

फोन केला होता त्या मुलाचा रेझ्युमे काल नीट वाचला. अगदी खाली, ‘छंद’ या मथळ्याखाली, एक ओळ आहे: सुट्टीत वडिलांच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. आज संध्याकाळी त्याला पुन्हा फोन करणार आहे. कोणता लेथ, तेवढे विचारायचे आहे.

– एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक, सिडको, नाशिक