टायरचे तेल म्हणजे डिझेल नव्हे

महोदय,
जुने टायर बंद भट्टीत, हवा न लागू देता तापवून काढलेले काळे तेल आमच्याकडे ‘डिझेलच, फक्त स्वस्त’ म्हणून कॅनने मिळते. मीही मोहाला बळी पडून विहिरीवरच्या इंजिनात घातले. पंधरा दिवसांत नोझल काजळीने गच्च. फिटरने ते फडक्यावर धरून दाखवले. जळक्या रबराचा वास हातालाही दिवसभर राहिला.

खरी गोम गंधकाची. भारत स्टेज 6 या प्रदूषण-मानकाच्या डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत फार तर 10 भाग; या कच्च्या तेलात साधारण शेकडा एक, म्हणजे हजारपट! गंधक काढून, हे तेल डिझेलमध्ये थोडेच मिसळून इंजिने चालवता येतात, पण तो खर्च करतो कोण? निदान कॅनवर गंधकाचे प्रमाण छापायला लावा.

– एक शेतकरी, शिरूर