जुन्या जीपच्या टायमिंग गिअरसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील माजी सैनिकांच्या आमच्या संघटनेकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक विलीज जीप आहे. सभासदांच्या वर्गणीतून तिचे इंजिन नुकतेच नव्याने बांधून घेतले. बोअरिंग झाले, पिस्टन आणि रिंगा नव्या पडल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. तरीही ते अजून सुरू केलेले नाही. हँडलने फिरवताना पुढच्या कव्हरातून दाते खरवडल्याचा आवाज येतो आणि ऑइल पंप जागेवर बसायलाच तयार नाही. यासाठी आपली मदत हवी आहे. पैशांची हवीच, पण त्याआधी योग्य सुट्या भागांची आणि ते ओळखणाऱ्या जाणकारांची.

कव्हर उघडल्यावर कारण कळले. युद्धकाळातील या चार सिलिंडरच्या, २.२ लिटर आणि ६० अश्वशक्तीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, साखळीने फिरत असे. युद्धानंतर सीजे-२ए जीपचे उत्पादन चालू असतानाच विलीजने साखळी काढून गिअर बसवले, तेच टायमिंग गिअर. मुंबईत महिंद्राने जुळवायला घेतलेल्या पुढच्या जीपही गिअरच्याच. बाहेरून दोन्ही इंजिने सख्खी भावंडे वाटतात, म्हणून भंगारात त्यांचे भाग सर्रास एकमेकांत मिसळतात. आमचा ब्लॉक साखळीच्या काळातला. त्यात कॅमशाफ्ट आणि गिअर नंतरच्या इंजिनाचे घातले गेले, पंप मात्र जुनाच राहिला. एवढ्या जुन्या गाडीत हे होतेच, कुणाला दोष द्यायचा नाही.

मुख्य फरक दिशेचा आहे. पिस्टनच्या जोराने फिरणारा क्रँक आणि त्याच्याकडून फिरणारा कॅम हे दोन शाफ्ट साखळीने जोडले तर एकाच दिशेने फिरतात, एकमेकांत अडकलेले दोन गिअर विरुद्ध दिशांनी. त्यामुळे गिअरच्या इंजिनात कॅमशाफ्ट उलटी फिरते, आणि ऑइल पंप तिच्यावरच चालत असल्याने दोन्ही इंजिनांत पंपाच्या दात्यांचा तिरकसपणा विरुद्ध असतो. त्यातून प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटरही याच पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. म्हणजे पंप चुकीचा असेल तर तेलाचा दाब नाही आणि ठिणगीही नाही.

आपल्या माळ्यावर किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात असे भाग पडून असतील, तर पाठवण्याआधी एवढे पाहावे. कॅमशाफ्ट असल्यास तिचे गिअर बसवायचे टोक आपल्याकडे करावे. त्या बाजूने पहिला उंचवटा एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) आणि दुसरा इनलेटचा (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा). एक्झॉस्टचा उंचवटा सरळ वर करावा. इनलेटचा उजवीकडे, किंचित खाली झुकलेला दिसला तर कॅमशाफ्ट गिअरच्या इंजिनाची. डावीकडे दिसला तर साखळीच्या. एक्झॉस्ट आधी आणि इनलेट नंतर उघडण्याचा क्रम कुठल्याच इंजिनात बदलत नाही, म्हणून ही परीक्षा सहसा फसत नाही. नंबर पुसलेल्या कॅमशाफ्टलाही ती लागू पडते.

टायमिंग गिअर असतील तर कृपया जोडीनेच द्यावेत, सुटा एक नको. कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरच्या बरोबर दुप्पट दाते हवेत, आणि दोघांच्या दात्यांचा कल एकमेकांच्या उलट हवा. (कॅमशाफ्ट आणि पंप काटकोनात येतात, तिथे मात्र दोघांचा कल एकाच हाताचा लागतो. नवा फिटर इथे हमखास गोंधळतो.) आमच्याकडच्या दोन गिअरांत दात्यांची संख्या जमते, कलही उलट आहे, पण त्याचा कोन जुळत नाही. निळा रंग लावून फिरवले तेव्हा रंग दात्याच्या एकाच टोकाला घासला गेला. पूर्ण दाता टेकत नसेल तर सगळा भार त्या टोकावर येतो, आणि कॅमचा गिअर फायबरचा असेल तर तो लवकरच झिजेल.

गिअर जुळवण्यासाठी त्यांवर असलेल्या खुणांवरही डोळे झाकून विसंबू नये. वेगवेगळ्या जोड्यांतले गिअर एकत्र आले की ठिपक्याला ठिपका लावूनही टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ, चुकू शकते. या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ९ अंश आधी इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागतो. एक दाता इकडचा तिकडे झाला तर हे गणित १० अंशांहून जास्त बिघडते. म्हणून ही वेळ मोजण्यासाठी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापक) आणि अंशांची चकती काही दिवसांसाठी कुणी वापरायला दिली तर मोठी सोय होईल. दोन्ही वस्तू पावती देऊन घेऊ आणि जशाच्या तशा परत करू.

एकूण आम्हाला हवे ते असे: गिअरच्या इंजिनाचा ऑइल पंप, चालू अवस्थेतला किंवा दुरुस्त होण्याजोगा; क्रँक आणि कॅमच्या गिअरची मूळची जोडी; आणि पुढच्या प्लेटमधून गिअरवर तेल सोडणारे छोटे जेट. सीजे-३बीच्या हरिकेन इंजिनाचे भाग असल्यास तसे चिठ्ठीवर जरूर लिहावे. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, त्यामुळे त्याची कॅमशाफ्ट आम्हाला चालणार नाही.

भागांइतकीच गरज माणसांची आहे. लष्कराच्या ईएमई या वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेतून निवृत्त झालेले, पेट्रोल जीप खोलून जोडलेले कुणी फौजी बांधव किंवा जुने मेस्त्री एखाद्या रविवारी आले, तर त्यांचा प्रवासखर्च आणि जेवण संघटनेकडे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुने गिअर मोजून तशीच जोडी कापून देणारे कारागीर कुणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. मूळ जोडी मिळालीच नाही तर तोच मार्ग उरतो.

रोख देणगी फक्त या कामापुरती स्वीकारू. प्रत्येकाला पावती मिळेल आणि हिशेब कार्यालयाच्या फलकावर लागेल. जोडी देणगीतच मिळाली तर उरलेली रक्कम टायरांसाठी वापरायची की परत करायची, हे देणाऱ्याने पावतीवरच लिहून द्यावे.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. त्या दिवशी गावातल्या सर्वांत वयस्क माजी सैनिकांना या जीपमधून झेंड्यापर्यंत न्यावे, अशी सभासदांची इच्छा आहे. गिअर वेळेत आले नाहीत तर जीप ढकलत नेण्यापेक्षा २६ जानेवारीपर्यंत थांबू, पण चुकीच्या दात्यांवर इंजिन सुरू करणार नाही.

भाग आणणाऱ्यांनी रोज संध्याकाळी कार्यालयात सचिवांना भेटावे. दात्यांचा फोटो आधी दाखवल्यास उत्तम. फोटो समोरून आणि बाजूने असे दोन्हीकडून काढावेत, दात्यांचा कल बाजूनेच दिसतो.

आपले,
कार्यकारिणी सदस्य