दहावीनंतरचे तीन महिने

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी जत तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीनंतरच्या सुट्टीत गावाकडच्या होतकरू मुलांसाठी सरकारने निवासी शिबिरं भरवावीत, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. माझी एक विद्यार्थिनी मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली आणि दोनच दिवसांत आईबरोबर बेदाण्याच्या शेडवर जाऊ लागली. आठवीत तिने एनएमएमएस ही सरकारी शिष्यवृत्ती मिळवली होती, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी होती. शेडवर जाळीवर टाकलेल्या द्राक्षांतली थोडी ती वेगळी ठेवायची, रोज त्यांचं वजन करायची, वहीत मांडायची. दोन आठवड्यांनी आलेख घेऊन माझ्या घरी आली. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिला वेगळंच विचारायचं होतं. "मॅडम, रेष सरळ का येत नाही? आधी भरभर उतरते आणि मग रेंगाळते." वहीच्या मागच्या पानांवर जाळीवर वाकलेल्या बायांची पेन्सिलची चित्रं होती. त्यातली एक तिची आई होती.

मला जमलं तेवढं मी सांगितलं. पण ते एका दुपारीत संपणारं नव्हतं. दोन-तीन आठवडे एखादी प्रयोगशाळा, गणित जाणणारं कुणी आणि असेच प्रश्न पडणारी चार मुलं तिला मिळायला हवी होती. तिला परवडेल आणि मराठीत चालेल अशी जागा मी शोधली, मला सापडली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या चौथ्या प्रकरणात माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी उत्तम दर्जाच्या निवासी उन्हाळी कार्यक्रमांना प्रोत्साहन देऊ, असं लिहिलंय. वंचित घटकांतली मुलंही त्यात आली पाहिजेत, असंही तिथंच म्हटलंय. त्यानंतर घडलं ते उलट. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा थांबली. १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये बंद झाली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात उन्हाळ्यात ऑलिंपियाडची निवासी शिबिरं होतात आणि ती फार चांगली असतात, पण तिथं पोचतात ती देशभरातून निवडलेली मोजकी मुलं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांचा वेगळा विचार केला. म्हणजे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ती तालुक्यापर्यंत आलेली नाही, एवढंच.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात गव्हर्नर टेरी सॅनफर्ड यांच्या काळात, १९६३ साली, विन्स्टन-सेलममध्ये असा उन्हाळी वर्ग सुरू झाला. गणिताची मुलं आणि संगीत-चित्रकलेची मुलं तिथं एकत्र राहतात, आणि कुणालाही गुण दिले जात नाहीत. मला त्यातलं हे एकत्र राहणं फार मोलाचं वाटतं. माझ्याच वर्गात एक मुलगा हलगी वाजवतो. तो मात्रा ज्या सहजतेने मोडतो-जोडतो, ते बघून मला अपूर्णांक त्याच्याकडूनच शिकवून घ्यावेसे वाटतात. आपल्याकडे इंटरमिजिएटचे सवलतीचे गुण दहावीच्या निकालात मिळाले की चित्रकलेची वही बहुतेक घरांत माळ्यावर जाते.

मुलं शोधायला नवी परीक्षा काढू नका, ही कळकळीची विनंती. परीक्षा आली की वर्षभरात तिचे क्लास निघतील आणि बेदाण्याच्या शेडवरची मुलगी पुन्हा मागे राहील. नावं सरकारकडेच आहेत. एनएमएमएसची यादी आहे, इन्स्पायर अवॉर्डसाठी शाळांतून आलेल्या विज्ञान प्रकल्पांची आहे, कला संचालनालयाकडे चित्रकला परीक्षांत श्रेणी मिळवलेल्यांची आहे. त्यातून बोलवा आणि मुलांचं स्वतःचं काम बघा: वही, चित्रं, मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं वादन. शाळेच्या शिक्षकाला दोन ओळी लिहायला सांगा.

जागेसाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांचा विचार व्हावा. वसतिगृहं, प्रयोगशाळा, हवामान केंद्र, शेकडो एकर शेत, सगळं तिथं आहे. सुट्टीत किती खोल्या मोकळ्या असतात, हे आपल्या एका पत्राने कळेल. कृषी खातं आपलं नाही याची मला कल्पना आहे. दोन खात्यांना एकत्र बसवणं माझ्यासारख्या शिक्षिकेच्या हातात नाही, म्हणून तर आपल्याला लिहिते आहे. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारचे वर्ग जमणार नाहीत, तिथं एप्रिलचा पहिला पंधरवडा धरावा. दहावीचा पेपर संपल्यापासून अकरावीचा प्रवेश होईपर्यंत जवळपास तीन महिने या मुलांचे मोकळे असतात. शहरात ते नीट-जेईईच्या बॅचेसना जातात, आमच्याकडे मजुरीला.

म्हणूनच शिबिर मोफत असून भागणार नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेल्या रोजाइतका भत्ता दिला, तरच आमची मुलं येतील.

परिपत्रक डिसेंबरपर्यंत शाळांत पोचावं. मुलीला दोन-तीन आठवडे बाहेरगावी पाठवायचं म्हटलं की तिच्या घरी तीन-चारदा जावं लागतं, आजीशीही बोलावं लागतं. ते आम्ही करू.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
ता. जत, जि. सांगली