तुमच्यातलं जे कोणी हे पत्र उघडेल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आणि तुमच्यातलं जे कोणी हे पत्र उघडेल, त्यालाही. पाकिटावर सईचं नाव असलं तरी मजकूर सगळ्यांसाठी आहे. एकीला सांगून दुसरीपासून लपवायचं असं यात काही नाही. ज्याला आत्ता नको वाटेल त्यानं मिटून ठेवावं, पत्र कुठे जात नाही.

थेरपी सुरू झाली की पहिली घाई होते ती आठवणींची. "नेमकं काय झालं होतं ते एकदा सगळं आठवलं की सुटले" असं वाटायला लागतं. डीआयडीमध्ये (डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे एकाच माणसात ओळखीचे अनेक वेगळे भाग असणं) हीच घाई सगळ्यात महागात पडते. उपचार तीन टप्प्यांत चालतात: आधी सुरक्षितता आणि स्थिरता, मग आघाताच्या आठवणींवर काम, मग एकत्र येणं आणि पुढचं जगणं. हा क्रम पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरला होता, आणि आजची मार्गदर्शक तत्त्वंही तोच धरून आहेत. पहिला टप्पा काही महिन्यांत उरकत नाही, वर्ष-दोन वर्षं सहज जातात. दुसऱ्यात गेल्यावरही पुन्हा पहिल्यात यावं लागतं. ते मागे पडणं नव्हे, काम असंच चालतं.

घाई का नको, हे भाग कसे तयार होतात ते पाहिलं की कळतं. मूल जन्माला येताना एकसंध 'मी' घेऊन येत नाही. भुकेलं, घाबरलेलं, खेळणारं, चिडलेलं या सगळ्या अवस्था सुरुवातीला सुट्या असतात. सांभाळणाऱ्या माणसाच्या आधारानं त्या बालपणीच्या वर्षांत हळूहळू एकमेकींत मुरतात. आघात वारंवार होत राहिला, त्यातून ज्याच्याकडे धावायचं तोच घाबरवणारा निघाला, तर हे मुरणं थांबतं. शाळेत जाऊन अभ्यास करणाऱ्या भागाला रात्रीचं माहीत नसणं, हीच तेव्हाची जगण्याची सोय असते. म्हणजे अख्खं काही होतं आणि ते फुटलं असं नाही. जे जुळायचं होतं ते जुळूच दिलं गेलं नाही. मधल्या भिंती भार पेलून उभ्या आहेत. टेकू लावल्याशिवाय भिंत पाडली की छत खाली येतं. हातात कौशल्यं नसताना आठवणी उकरल्या तर नेमकं तेच होतं: फ्लॅशबॅक (जुनं आत्ताच घडतंय असं वाटणं) वाढतात, स्विच (एक भाग जाऊन दुसरा पुढे येणं) वाढतात, झोप जाते आणि स्वतःला इजा करण्याची ओढ उफाळून येते.

एक शब्दाचा घोळ इथेच मिटवते. 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' म्हटलं की आपल्याकडे निम्म्या लोकांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, आठवतो. ते दुखणं वेगळं. डीआयडीतही आवाज ऐकू येतात, पण ते बहुतेकदा लहानपणापासूनचे, डोक्याच्या आतले, आणि ज्यांच्याशी बोलता येतं असे असतात. या गल्लतीपायी कित्येकांची वर्षं चुकीच्या निदानात आणि चुकीच्या गोळ्यांत जातात. 'मल्टिपल पर्सनॅलिटी' हे जुनं नाव मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणानं 1994 मध्ये बदललं, ते काही उगाच नव्हे. माणूस एकच, त्याच्या ओळखीचे भाग अनेक, हे त्यातून सांगायचं होतं. आणि असे तुटलेपणाचे अनुभव किती येतात ते विचारणारी, इंटरनेटवर फिरणारी ती 28 प्रश्नांची प्रश्नावली फक्त चाळणी आहे. गुण जास्त आले म्हणजे नीट तपासणी करून घ्यावी, एवढंच ती सांगते.

आता रोजचं. भान सुटायला लागलं की स्वतःला आत्ताच्या क्षणात परत आणायचं, त्याला ग्राउंडिंग म्हणतात. ते म्हणजे डोळे मिटून संथ श्वास घेणं, असं सर्रास सांगितलं जातं. तुझ्यासाठी ते उलटू शकतं. डोळे मिटले की बाहेरचा धागा सुटतो आणि तंद्री आणखी गडद होते. डोळे उघडे ठेव. पायांचे दोन्ही तळवे जमिनीवर दाब. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घे, मग चार स्पर्श, तीन आवाज, दोन वास, एक चव. तरीही धुकं हटलं नाही तर मनगटं गार पाण्याखाली धर. आणि हे सगळं शांत असताना दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं कर. वादळात पहिल्यांदा वल्हं हातात घेणाऱ्याला नाव सावरता येत नाही.

पैशांच्या पाकिटात एक कार्ड ठेव. त्यावर चालू वर्ष, तुझं आत्ताचं वय, "दाराची किल्ली माझ्याकडे आहे" हे वाक्य आणि दोन फोन नंबर. लहान भाग पुढे येतो तेव्हा त्याच्यासाठी अजून तेच जुनं वर्ष चालू असतं. "आता सगळं ठीक आहे" म्हणून त्याला काही पटत नाही. हाताचा आकार, आरशातली उंची, कार्डावरचं वर्ष दाखवलं की थोडं पटतं. असं अनेकदा दाखवावं लागतं.

मग वही. एकच, जाड, सगळ्यांची. नियम तीन: लिहिणाऱ्यानं तारीख-वेळ घालायची, कुणी कुणाचं पान फाडायचं किंवा खोडायचं नाही, उत्तर नाही आलं तरी चिडायचं नाही. सुरुवातीला पान साधारण असं दिसतं:

"सकाळी 8:10. वीजबिल भरलं."
"मला शाळेत जायचं नाही." (वेडंवाकडं अक्षर, वेळ नाही)
"पहाटे 3:40. कडी दोनदा तपासली. तुम्ही झोपा."

तिसरी ओळ लिहिणारा झोप मोडतो म्हणून त्याच्यावर राग येईल. पण तो पहाऱ्यावर आहे. त्याला थांब म्हणण्यापेक्षा, कडी रात्री 10 ला सगळ्यांच्या देखत लावायची आणि तसं वहीत नोंदवायचं, हा करार जास्त टिकतो. भागाभागांतला संवाद हा असाच बिल, कडी, झोप यांपासून सुरू होतो. मोठे विषय नंतर.

आत एखादा भाग असा असतो जो शिव्या घालतो, "तुझीच चूक होती" म्हणतो, इजा करायला सांगतो, आणि बोलतो हुबेहूब त्रास देणाऱ्या माणसासारखा. सगळ्यांना वाटतं, याला हाकलून द्यावं. हाकलता येत नाही, आणि तसं करायलाही नको. त्या माणसाचा आवाज उचलून तुला आधीच गप्प बसवलं की बाहेरचा मार टळेल, हे त्यानं लहानपणी शोधलेलं गणित. जितकं त्याला दडपाल तितका तो जोर करतो. "तू काय टाळू पाहतोस?" एवढं विचारायचं. उत्तर यायला महिने लागतील. तोवर एक गोष्ट मात्र वाटाघाटीत नाही: शरीराला इजा होणार नाही. ते एकट्यानं सांभाळवत नाही असं वाटलं त्याच क्षणी कार्डावरच्या नंबरला फोन, किंवा थेट इस्पितळ. रात्रीचे 3 वाजले असले तरी.

औषधांबद्दल थोडकंच. डीआयडीवर अशी गोळी नाही. नैराश्य, भीती, दुःस्वप्नं यांवर असतात आणि त्यांचा उपयोग होतो, पण मनानं बंद करायच्या नाहीत. खरी चूक वेगळीच होते: एक भाग सकाळची गोळी घेतो, दुसऱ्याला ते माहीत नसतं आणि तो पुन्हा घेतो. म्हणून आठवड्याचा खणांचा डबा वापर. खण रिकामा म्हणजे घेतली, वाद नाही. गाडी चालवण्याचंही तसंच, वेळ हरवण्याचं (मधले तास आठवतच नाहीत, असं होण्याचं) प्रमाण कमी होईपर्यंत चावी बाजूला राहू दे.

दुसऱ्या टप्प्यावर पोचशील तेव्हा रिचर्ड क्लुफ्ट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचा तिहाईचा नियम लक्षात ठेव. 60 मिनिटांचं सेशन असेल तर पहिल्या 20 मिनिटांत आठवणीपर्यंत जायचं, मधली 20 काम, शेवटची 20 आवरून, सावरून आजच्या दिवसात परत येण्यासाठी. पहिल्या 20 मिनिटांत सुरुवात झाली नाही तर त्या दिवशी ती आठवण काढायचीच नाही. एक आठवणही अख्खी घ्यायची नसते. तुकडा घ्यायचा, उरलेलं मनातल्या तिजोरीत कुलूपबंद करायचं. संमोहनानं 'विसरलेलं सगळं' बाहेर काढून देतो म्हणणारा, एखादा भाग 'मारून टाकू' म्हणणारा, किंवा डीआयडीसाठी काहीही बदल न करता ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारे आठवणींवर काम करण्याची पद्धत) पहिल्याच महिन्यात सुरू करणारा थेरपिस्ट भेटला तर उठून ये. संमोहनाखाली निघालेली आठवण खरी की सुचवलेली, हे नंतर सांगणं फार अवघड होतं.

शेवटी सगळे भाग एक होतात का? काहींचे होतात. काहींच्या बाबतीत ते वेगळेच राहतात, पण एकमेकांना ओळखून, वेळ न हरवता, घर चालवल्यासारखे दिवस चालवतात. दोन्ही बरं होणंच आहे. तुमच्यातल्या कुणाला 'एकत्र येणं' म्हणजे मरण वाटत असेल तर आत्ता तो विषयच काढू नका.

घरच्यांचं काम त्या मानानं सोपं असतं. "आत्ता कोण आहे?" असं घडोघडी विचारायचं नाही. आवडता भाग, नावडता भाग करायचा नाही. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. एकाला दिलेला शब्द तो सगळ्यांना दिलेला शब्द. त्या दिवसांबद्दल मी तुला एकही प्रश्न विचारणार नाही. तू सांगशील तेवढं ऐकेन, आणि तिथे थांबेन.

गोळ्यांचा डबा रविवारी रात्री भरायचा. मी शेजारी बसेन. कडी लावायच्या आधी.

तुझी,
आई