धरणही तेच, पूलही तोच

लातूर,
12 ऑक्टोबर

प्रिय महेश,
सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगून समाधान होईना, म्हणून लिहायला बसलो. नळदुर्गचा किल्ला बघून आलो. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने जाताना एसटीच्या खिडकीतून आपण हे बुरूज कितीदा पाहिले असतील! तू पुलांच्या कामातला माणूस, त्यामुळे तिथं पावलापावलाला तुझी आठवण येत होती.

बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, दगडी बंधारा घातला. एका अंगाला किल्ला, दुसऱ्या अंगाला रणमंडळ हा जोडकिल्ला, आणि बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालत इकडून तिकडं जायचं. शिवाय त्याच्या पोटात पाणीमहाल! अरुंद जिन्यानं खाली उतरलो तर समोर कमानी, नक्षी, बसायला सज्जा. यंदा परतीचा पाऊस चांगला झाला, नर आणि मादी नावाचे दोन्ही सांडवे वाहत होते. सज्ज्यापुढून पाणी असं कोसळत होतं की शेजारच्याचं बोलणं कळेना. मी भिंतीला तळहात लावून उभा होतो. पलीकडं एवढं पाणी अडलेलं, आणि मी आत उभा! चारशे वर्षं झाली महेश, अजून पाणी अडतंय. आपल्या दुष्काळी भागात पाणी अडवणं हेच मोठं काम, आणि त्या लोकांनी त्या कामाला महालाचा मान दिला. मला तर बुरुजांपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटली.

येताना दाजींकडं मुक्काम केला. तुळजापूर तालुक्यातली त्यांची द्राक्षबाग तुला माहीतच आहे. ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली. मांडवावर नुसत्या उघड्या काड्या. बाया हातमोजे घालून काडीवरच्या एकेका डोळ्याला, म्हणजे कोंबाला, पेस्ट लावत होत्या, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. जो पाऊस बंधाऱ्यावर बघून मी हरखलो, त्याच पावसाच्या धास्तीनं दाजी रात्री दोनदा उठून आभाळ बघून आले. बाग पोंग्यात आली, म्हणजे कोवळी फूट निघाली, आणि पाऊस पडला की डाऊनी रोग आलाच, मग घड हाती लागायचे नाहीत. आणि 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा, हीच बाग त्यांनी टँकर विकत घेऊन जगवली होती. ताई म्हणाली, तेव्हा घरात सणाला कपडे आले नाहीत, पण बागेचं पाणी चुकलं नाही.

तू ये. सांडवे भाद्रपदात, द्राक्षं माघात, तेव्हा दोन खेपा कराव्या लागतील. दाजींनी माघातलं आमंत्रण आत्ताच दिलंय. बंधाऱ्यावर मात्र मला तुझ्यासोबतच जायचंय. वाहत्या नदीत पाया कसा घेतला असेल, आतून दालनं ठेवूनही भिंतीनं एवढा दाब कसा पेलला, हे तिथं उभं राहून तू मला समजावून सांग.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर